बाबागाडीवर बसणारी कार सीट घेताना

जुळे सोलापुरातल्या एका काकांचा प्रश्न आहे: "मुलीला आठवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण आमच्याकडे. जावई पुण्यात नोकरीला. मुलीच्या नणंदेने इंग्लंडहून तिची वापरलेली बाबागाडी पाठवली आहे, चांगली दणकट आहे. सोबतच्या पिशवीत दोन काळे प्लास्टिकचे तुकडे आहेत, ते कशाचे कळत नाही. या बाबागाडीवर बसेल अशी बाळाची कार सीट घ्यायची आहे. नणंद तिची जुनी सीटही पाठवते म्हणते. आमची गाडी दहा वर्षांची वॅगन आर, सीएनजीची. जावयांची नवीन आहे. कोणती सीट घ्यावी?"

काका, ते दोन काळे तुकडे आधी कपाटात जपून ठेवा. ते अडॅप्टर आहेत. बाबागाडीचा बसायचा भाग काढला की खालचा सांगाडा उरतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत हे तुकडे बसतात आणि त्यांच्यावर कार सीट बसते. एक डावीकडचा, एक उजवीकडचा. त्यातला एक हरवला तर दुसऱ्याचा काही उपयोग नाही, आणि आपल्याकडे नेमकी तीच जोडी मिळवायची म्हणजे नाकी नऊ येतात.

मी गेली एकवीस वर्षं सोलापुरात लहान मुलांच्या सामानाचं दुकान चालवते. सीट विकते आणि गाडीत बसवूनही देते. तुमच्यासारखे बहुतेक लोक बाबागाडीपासून सुरुवात करतात, कारण ती घरात आलेली असते, डोळ्यांसमोर असते. मी मात्र नेहमी क्रम बदलायला सांगते. आधी सीट तुमच्या गाडीत नीट बसते का ते बघा. मग बाळाला नीट बसते का ते बघा. हे दोन्ही जमलं की मग बाबागाडी. बाबागाडी चालायच्या वेगाने जाते. मोटार पुणे रस्त्यावर ऐंशी-नव्वदने जाते.

हे मी शिकले ते एका प्रसंगातून. दुकान सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. एका जोडप्याला मी बाबागाडी आणि सीट असा संच दिला होता. दुकानात सीट सांगाड्यावर खटकन बसली, सगळे खूश झाले, मीही. आठ-दहा दिवसांनी बाळाची आजी सीट घेऊन आली. त्यांच्या छोट्या गाडीतला मागचा बेल्ट सीटला वळसा घालून बकलपर्यंत पोचतच नव्हता, चार बोटं कमी पडत होता. मग घरच्यांनी ओढणीने सीट बांधली आणि तसेच तुळजापूरला जाऊन आले. आजी सहज सांगत होती. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. गाडी कुठली आहे, एवढं साधं मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून गाडी दारात आणून सीट लावून बघितल्याशिवाय मी सीट विकत नाही.

ओढणीने काय बिघडलं असतं, किंवा आजीच्या मांडीवर बाळ असलं तर काय बिघडतं, असं अजूनही विचारलं जातं. म्हणून एकदा हिशेब मांडते. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर काही आदळून ती एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या वजनाच्या चौदा पट जोराने कुणीतरी धरून ठेवावं लागतं. चार किलोचं बाळ त्या क्षणी ५६ किलोचं होतं. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. कुठल्याही आजीची माया कमी नाही, पण मांडीवरून सुटलेलं सिमेंटचं पोतं हातांनी अडवणं कुणालाच शक्य नाही.

आता तुमच्या वॅगन आरकडे येते. तान्ह्या बाळाची सीट नेहमी मागच्या बाकावर आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून लावायची. बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या पाव भागाएवढं असतं आणि मान कच्ची असते. तोंड पुढे असेल तर करकचून ब्रेक लागल्यावर सगळा हिसका मानेला बसतो. तोंड मागे असेल तर तोच जोर पाठ, डोकं आणि मान मिळून सीटच्या पाठीवर झेलला जातो. पुढच्या सीटवर, जिच्यासमोर एअरबॅग आहे तिथे, अशी उलटी सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या कवचावर आदळते. २०२१ नंतरच्या नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासमोरही एअरबॅग असते, तेव्हा जावयांच्या गाडीत हे विशेष लक्षात ठेवा.

मागच्या बाकावर डावी बाजू घ्या. आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे येते, बाळ उतरवताना वाहनं अंगावर येत नाहीत. आई उजवीकडे बाळाशेजारी बसली की तिला बाळाचं तोंड दिसत राहतं. उलटी सीट जागा खाते, त्यामुळे पुढची डावी सीट थोडी पुढे सरकवावी लागेल. तिथे कुणी उंच माणूस बसणार असेल तर आधी त्याला बसवून बघा. मधल्या जागेवर जुन्या गाड्यांत बहुधा नुसता कमरेचा बेल्ट असतो. तान्ह्या बाळाच्या बहुतेक सीटना खांद्यावरून येणारा तीन टोकांचा बेल्ट लागतो, त्यामुळे मधली जागा सोडून द्या.

बेल्ट पुरतो का, ते घरी बसून कळत नाही. सीट बाकावर ठेवा. तिच्या कवचावर निळ्या खुणा असतात, उलट्या सीटचा बेल्ट त्या निळ्या खुणांमधूनच जातो. लाल खुणा पुढे तोंड करून बसवायच्या सीटसाठी असतात. कमरेचा भाग बाळाच्या पायांवरच्या खाचांतून आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून वळवून आणा, बकल लावा. बेल्ट ताणून-ताणून कसाबसा लागत असेल तर ती सीट तुमच्या गाडीची नाही. बकल सीटच्या कडेवर चढून तिरकं होत असेल तरीही नाही. बेल्ट आरामात लागून वर वीतभर उरायला हवा. मग सीटवर हाताने वजन टाकत बेल्ट ओढून घट्ट करा आणि जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून डावी-उजवी हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. डोक्याकडची बाजू थोडी खाली-वर होते, ते चालतं. अशी सीट लावून दाखवायला जो दुकानदार नको म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची मुदत बघून मागवा आणि खोका आला त्याच दिवशी गाडीत लावून बघा. सीट बाळंतविड्यासोबत गुंडाळून ठेवली जाते आणि डिस्चार्जच्या सकाळी पहिल्यांदा उघडली जाते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

जावयांच्या नव्या गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बालसीट थेट गाडीला अडकवायची सोय असेल. मागच्या बाकाची पाठ आणि बैठक मिळतात त्या फटीत बोटं घातली की दोन लोखंडी कड्या लागतात, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. कुशनवर बाळाच्या चित्राची छोटी पट्टीही बहुधा शिवलेली असते. या कड्यांत एक बेस अडकतो, तो गाडीतच राहतो आणि सीट त्याच्यावर खटक्याने बसते. नीट बसली की बेसवरची लाल खूण हिरवी होते. काही बेसना पुढे एक पाय असतो, तो गाडीच्या तळावर टेकतो. त्या जागी तळाखाली सामानाचा पोकळ कप्पा असेल तर पाय तिथे टेकवायचा नाही. गाडीच्या माहितीपुस्तकात कुठल्या जागेवर कुठली बालसीट चालते याचा तक्ता असतो. जावयांना तेवढं पान काढून बघायला सांगा.

तुमच्या वॅगन आरमध्ये या कड्या बहुधा नसतील, तरी बोटं घालून बघा. आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. तुम्हाला अशी सीट हवी की जी बेसवरही बसते आणि नुसत्या बेल्टनेही लावता येते. बेस पुण्याच्या गाडीत कायमचा राहील, सोलापुरात तीच सीट बेल्टने लागेल. काही नव्या सीट फक्त बेसवरच चालतात, बेल्टचा मार्गच त्यांना नसतो. अशी सीट बाबागाडीवर कितीही सुंदर बसली तरी तुमच्या घरासाठी ती निरुपयोगी आहे.

सीटवरचा शिक्का बघायला विसरू नका. नारिंगी रंगाची चिठ्ठी, तिच्यावर वर्तुळात ई आणि एक आकडा, हा युरोपच्या मानकाचा शिक्का. आर४४/०४ लिहिलेलं असेल तर सीट वजनाच्या हिशेबाने आहे, तान्ह्यांसाठीचा गट जन्मापासून १३ किलोपर्यंत. आर१२९ लिहिलेलं असेल तर हिशेब उंचीचा, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत उलटं बसवणं त्यात बंधनकारक आहे. आपलं भारतीय मानक एआयएस-०७२. चार-पाच हजारांत मिळणाऱ्या 'कॅरी कॉट कम कार सीट' प्रकारातल्या काहींवर शिक्का असतो, काहींवर नुसतं छान नाव असतं. शिक्का नसलेली वस्तू घरात पाळण्यासारखी वापरायची असेल तर तुमची मर्जी, गाडीत लावू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे.

आता बाळ. जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं. आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोची बाळं नेहमीचीच, आणि सीट पहिल्या दिवशी त्या बाळाला बसायला हवी. त्यासाठी सीटच्या आतल्या खांद्याच्या पट्ट्यांचं सगळ्यात खालचं छिद्र बघा. उलट्या सीटमध्ये पट्टा बाळाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून आला पाहिजे. छिद्र कानाजवळ येत असेल तर त्या बाळाला ती सीट मोठी आहे. नवजात बाळासाठीची गादी सीटसोबतच आलेली हवी. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या मऊमऊ गाद्या आणि उशा घालू नका, त्या सीटबरोबर तपासलेल्या नसतात आणि बाळाचं डोकं पुढे ढकलतात. डोकं बाजूला कलंडत असेल तर छोट्या नॅपकिनच्या दोन वळकट्या करा आणि पट्टे लावून झाल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. डोक्यामागे काही ठेवायचं नाही. सदतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ असेल तर घरी न्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. अशा बाळाला सीटमध्ये काही वेळ ठेवून श्वास आणि ऑक्सिजन बघता येतो, आणि गरज पडली तर ते आडवं झोपवून न्यायची सोय सुचवतात.

दवाखान्यातून निघतानाची चूक मला दर महिन्याला दिसते. बाळाला आंगडं, टोपडं, वर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, आणि ते गाठोडं सीटमध्ये ठेवून वरून पट्टे. वरून बघताना सगळं घट्ट वाटतं. एकदा एका बाबांसमोर मी पट्ट्यांची लांबी तशीच ठेवून दुपटं तेवढं सोडून काढलं आणि पट्टे परत लावले. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये त्यांची सबंध मूठ शिरली. धक्का बसला की दुपटं चेपतं आणि बाळ त्या पोकळीतून निसटतं. आधी पट्टे, मग हवं तर वरून दुपटं पांघरा. पट्टा खांद्यावर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर अजून ओढा, बोटं नुसती घसरली तर बरोबर आहे.

पट्ट्याला पीळ पडलेला नको. हे मला पूर्वभागातल्या एका विणकर काकांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. नातवासाठी सीट घ्यायला आले होते. पट्टा अंगठ्याखालून सरकवत म्हणाले, हा रुंद विणलाय तो भार सगळ्या धाग्यांवर वाटला जावा म्हणून, पीळ पडला की सगळा भार एका कडेवर येणार. आयुष्यभर मागावर धागा हाताळलेल्या माणसाला ते बघताक्षणी कळलं. टाळू भरायचं तेल आणि मालिशचं तेल पट्ट्यांना लागतंच. ते ओल्या फडक्याने, फार तर थोड्या सौम्य साबणाने पुसा. पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका आणि ब्लीच तर अजिबात नको, धागा कमजोर होतो.

बैठकीचा कोन जपा. सीटच्या बाजूला एक रेघ किंवा बुडबुडा असतो, ती रेघ सपाट रस्त्यावर जमिनीला समांतर यायला हवी. नवजात बाळ साधारण पंचेचाळीस अंशांत मागे रेललेलं असावं. सीट फार उभी झाली की झोपेत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ रडत नाही, हलत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. काही गाड्यांचा बाक मागे उतरता असतो आणि त्यामुळे सीट उभी होते. सीटच्या पुस्तकात परवानगी असेल तर बाळाच्या पायाकडच्या बाजूला, म्हणजे बाकाच्या फटीशी, टॉवेलची घट्ट वळकटी घालून कोन सुधारता येतो. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलची वळकटी याला उत्तम, दबून चपटी होत नाही. आयसोफिक्सच्या बेसखाली मात्र काही घालायचं नाही.

आता बाबागाडी. तुमची युरोपातली आहे, बसायचा भाग निघतो, अडॅप्टर आहेत, म्हणजे अर्धं काम झालं. इथे मिळणाऱ्या बऱ्याच बाबागाड्यांचं कापड सांगाड्यालाच शिवलेलं असतं, छत्रीसारखी मिटणारी गाडी तर नेहमी तशीच. तिच्यावर कुठलीच कार सीट बसत नाही. बसायच्या भागावर सीट ठेवून दोरीने किंवा बेल्टने बांधणं हा पर्याय नाही, एका चाकाखाली खडा आला की सगळं कलंडतं.

सांगाड्याच्या खालच्या दांड्यावर चिठ्ठी असते, तिच्यावर मॉडेलचं नाव, क्रमांक आणि बनवल्याची तारीख असते. तिचा मोबाइलवर फोटो घ्या. अडॅप्टरच्या आतल्या बाजूलाही आकडे किंवा कंपनीचं नाव कोरलेलं असतं, त्याचाही घ्या. मग बाबागाडीच्या कंपनीची यादी बघा, कुठल्या सीट या अडॅप्टरवर चालतात त्याची. युरोपातल्या बऱ्याच बाबागाड्यांचे अडॅप्टर मॅक्सी-कोसी या कार सीटच्या कंपनीच्या खटक्याच्या मापाचे असतात आणि इतर काही कंपन्यांच्या सीटही त्यांच्यावर बसतात. तरी 'सगळ्यांना चालतं' या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. यादीत तुमची सीट, तुमचं बाबागाडीचं मॉडेल आणि तुमचा अडॅप्टर, हे तिन्ही एका ओळीत दिसले पाहिजेत. एकाच कंपनीची सीट आणि बाबागाडी असली तरी वर्ष बदललं की खटका बदललेला असू शकतो. अमेरिकेत आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या सीट तर वेगळ्याच असतात. कुणी अमेरिकेहून सीट पाठवतो म्हणालं तर आधी माहितीपुस्तक वाचा. तिथल्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढला की अडकून राहतो, आपल्या बहुतेक गाड्यांचा फक्त हिसका बसल्यावर अडकतो. त्यामुळे त्या सीटच्या बेसमध्ये बेल्ट पकडून ठेवणारा चिमटा नसेल तर ती आपल्या गाडीत ढिली राहते.

प्रत्यक्ष लावताना आधी बाबागाडीचा ब्रेक लावा. सीट खाली ठेवताना खटक्याचे दोन आवाज आले पाहिजेत, दोन्ही बाजूंचे. एकच आला तर एक बाजू अधांतरी आहे. मग हँडल धरून सीट वर उचलून बघा, सांगाडा सीटबरोबर उचलला गेला पाहिजे. बाळाला ठेवायच्या आधी हे पाच-सहा वेळा रिकाम्या सीटने करा, काकूंनाही करायला लावा. सीट स्वतः तीन-चार किलोची, बाळ पुढे पाच-सहा किलोचं. आठ-दहा किलो वाकून उचलायचे आहेत. सिझेरियन झालेल्या मुलीला पहिले दीड-दोन महिने हे करू देऊ नका.

तुमच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर आहे. बाबागाडीचा सांगाडा मिटून उरलेल्या जागेत मावतो का, ते आजच बघा. नाही मावला तर तो मागच्या बाकावर बाळाशेजारी आडवा टाकावासा वाटेल, तसं करू नका. सुटी जड वस्तू धक्क्यात बाळावरच येते. खरं सांगायचं तर सोलापुरात गाडीतून सीट काढून बाबागाडीवर लावायचे प्रसंग थोडेच येतील. नवी पेठ किंवा चाटी गल्लीत बाबागाडी ढकलायला जागा कुठे आहे? होम मैदानावर, कॉलनीतल्या रस्त्यावर, दवाखान्याच्या आवारात ती कामाची. पुण्यात मुलीच्या सोसायटीत लिफ्ट आणि पार्किंग असेल तर तिथे रोज उपयोग होईल. म्हणून अमुक महाग सीट बाबागाडीवर बसते एवढ्यासाठी दुप्पट पैसे घालू नका. गाडीत चांगली बसणारी सीट यादीत सापडली नाही तर ती सीट घ्या आणि बाबागाडी तिच्या बसायच्या भागासकट स्वतंत्र वापरा. फक्त पहिले काही महिने तो भाग पूर्ण आडवा व्हायला हवा.

यात एक धोकाही आहे. सीट खटकन निघते, खटकन बसते, बाळ झोपलेलं असतं, मग कुणालाच त्याला उठवावंसं वाटत नाही. गाडीतून बाबागाडीवर, बाबागाडीवरून घरात सोफ्याशेजारी, तीन-चार तास बाळ त्याच वाकलेल्या अवस्थेत. सीट म्हणजे पाळणा नव्हे. नवजात बाळाला सुरुवातीच्या आठवड्यांत एका वेळी अर्ध्या तासाच्या वर शक्यतो ठेवू नका, पुढेही दोन तासांच्या आत बाहेर काढा. घरी पोचलात की आधी बाळाला सपाट जागी पाठीवर झोपवा, सामान नंतर.

मुलगी सव्वा महिन्यानंतर पुण्याला निघेल. अडीचशे किलोमीटर आहेत. साडेचार तासांचा प्रवास सहा-सात तासांचा धरून निघा. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं थांबत जा आणि प्रत्येक ठिकाणी बाळाला सीटमधून काढून, पाजून, थोडं आडवं करून मग पुढे निघा. चालत्या गाडीत पाजण्यासाठी पट्टे सोडायचे नाहीत, कितीही रडलं तरी गाडी बाजूला घ्या. उन्हाळा असेल तर पहाटे पाचला निघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, उन्हात उभ्या गाडीत सीटचं काळं कापड आणि बकलची धातूची जीभ चटका देते. गाडी लावताना सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवा, बाळाला ठेवायच्या आधी बकल हाताच्या उलट्या बाजूने चाचपा. तोच पंचा बाळ आत असताना सीटच्या टपावरून सोडायचा नाही, आत हवा कोंडते आणि गरमी वाढते. आणि बाळाला गाडीत ठेवून दोन मिनिटांसाठीही कुणी उतरायचं नाही.

राहिली नणंदेची जुनी सीट. ती तुम्ही घ्यायला माझी हरकत नाही, कारण घरातली आहे, खरं विचारता येतं. तिला तीन गोष्टी विचारा. ती सीट कधी अपघातात होती का, छोट्याशाही? असेल तर घेऊ नका, कवचातली तडे गेलेली जागा डोळ्यांना दिसत नाही. बनवल्याची तारीख काय आहे आणि कंपनीने किती वर्षं वापरायला सांगितली आहे? तारीख कवचाच्या खालच्या बाजूला कोरलेली किंवा चिकटवलेली असते, मुदत साधारण सहा ते दहा वर्षांची. आणि माहितीपुस्तक, नवजात बाळाची गादी, सगळे भाग जागच्या जागी आहेत का? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर तिला सीटचाही फोटो पाठवायला सांगा. ते काळे अडॅप्टर बहुधा याच सीटचे असतील. ती सीट बेल्टनेही लावता येते का, ते पुस्तकात बघून घ्या. विमानात पाठवताना मूळ खोक्यात, भोवती कपडे कोंबून पाठवायला सांगा, विमानतळावर सामान आपटलं जातं. अनोळखी माणसाकडून जुनी सीट मात्र घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी.

ही सीट साधारण वर्षभर पुरते. डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या काठाला आला किंवा वजनाची मर्यादा भरली की ती लहान झाली. पाय दुमडले किंवा बाकाच्या पाठीला टेकले म्हणून बदलायची गरज नाही, बाळं पाय दुमडून मजेत बसतात. पुढची मोठी सीट गाडीतच राहणारी असते, तिचा बाबागाडीशी संबंध नसतो. तीही जितकी लांब जमेल तितकी उलटीच वापरायची.

सीट हातात आली की रविवारी सकाळी वॅगन आर घेऊन दुकानात या, गर्दी नसते. बेल्ट पुरतो का ते आपण दारातच बघू. आणि बाळ घरी आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत एकदा परत या. पट्ट्यांची उंची बाळाच्या खांद्याला धरून लावावी लागते, ती बाळ सीटमध्ये असल्याशिवाय लावता येत नाही.